कोकी आणि देवकी : रीमा लागू यांच्या विनोदी अभिनयाचा विचार

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू मुंबईत हृदयविकाराने निवर्तल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावन्न होते. दुसऱ्या दिवशी जी वृत्तपत्रे आमच्या हाती आली, त्यांत हिंदी, मराठी, इंग्रजी असा भेद न राहता एकच शब्द सर्वांनी योजला होता : आई. रुपेरी पडद्यावरची आई गेली, नायकांची आई गेली, प्रेमळ आई गेली. मृत्यूनंतर चार चांगले शब्द बोलावेत हा आपल्याकडील शिष्टाचार आहे, आणि हे शब्द चांगलेच होते. तरीही ते वाचताना आमचे मन अस्वस्थ झाले. ज्या कलावतीने आपल्या आयुष्यातील काही उत्तम वर्षे लोकांना हसविण्यात घालविली, तिच्या कामाचा हिशेब मांडताना नेमके ते हसू सगळ्यांनी वजा केले होते. 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं' या दोन मालिकांचा उल्लेख होता, नाही असे नाही. परंतु तो शेवटच्या परिच्छेदात, जेवणानंतर बडीशेप द्यावी तसा.

आमचे म्हणणे याच्या उलट आहे. रीमाबाईंच्या अभिनयाचे खरे मोजमाप करावयाचे तर ते या दोन मालिकांतच करावे लागेल, असे आम्हांस वाटते. चित्रपटाने त्यांच्याकडून जे जे काढून घेतले होते, ते दूरदर्शनच्या या छोट्या पडद्याने त्यांना परत दिले. आणि त्यांनीही त्याचे असे चीज केले की हिंदी मालिकांतील विनोदाला एक नवी प्रतिष्ठा लाभली. हे विधान थोडे धाडसाचे वाटेल. त्याची कारणे पुढे देत आहोत.

हा विचार आमच्या मनात कोठे आणि कसा आला, हे सांगणे अवश्य आहे. केंद्र सरकारच्या कारकुनी नोकरीत बदल्या होतात, आणि त्या ओघात आम्ही झांशी जिल्ह्यातील समथर या गावी येऊन राहिलो. झांशीस मराठी माणसाचे कान टवकारावेत असे पुष्कळ आहे; नेवाळकरांचे नाव तेथे अद्याप घेतले जाते. परंतु झांशीच्या ईशान्येस असलेल्या समथरचा इतिहास वेगळा. हे एके काळचे गुर्जर राजघराण्याचे संस्थान. किल्ला अजून उभा आहे, गावची बोली बुंदेली आहे, आणि मराठी शब्द कानी पडावयाचा तर तो आपल्याच तोंडून. २०२० च्या वसंतात टाळेबंदी आली आणि दूरदर्शनने आपल्या जुन्या मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. त्यांत 'श्रीमान श्रीमती' होती. आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, तेथील वृद्ध अम्मांच्या ओसरीतून रोज हसण्याचा आवाज येऊ लागला. एके दिवशी आम्हांलाही आत बोलावणे आले. अम्मांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, "बाबूजी, ही तुमच्याकडची ना?" आम्ही होय म्हटले. त्यावर अम्मा जे बोलल्या त्याचा मराठीतील आशय असा : "ही बाई हसवायला आलीय असं वाटतच नाही. ती आपलं घर चालवायला आलीय. हसतो ते आपण."

नाट्यशास्त्राचे एक पानही न वाचलेल्या त्या वृद्धेने रीमाबाईंच्या विनोदाचे मर्म एका वाक्यात सांगून टाकले होते. पुढील सारे विवेचन म्हणजे त्या वाक्यावरचे भाष्य आहे, असे म्हटले तरी चालेल.

रीमाबाईंची घडण रंगभूमीवरची. २१ जून १९५८ हा त्यांचा जन्मदिवस. मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरील नामवंत अभिनेत्री, त्यामुळे नाटक हे त्यांच्या घरातलेच होते. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर त्या रीमा लागू झाल्या. आम्हां कारकुनांना विशेष आपुलकी वाटावी अशी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात आहे : १९७९ पासून सुमारे दहा वर्षे त्या युनियन बँकेत नोकरीस होत्या, आणि आंतरबँक सांस्कृतिक कार्यक्रमांतही भाग घेत. मध्यमवर्गीय नोकरदार घराचा सकाळचा साडेआठचा प्रहर कसा असतो, डबा भरणारा हात आणि घड्याळाकडे जाणारी नजर यांचे नाते काय असते, हे ज्या नटीला पुस्तकावरून शिकावे लागले नाही, तिने पुढे कोकी उभी केली याचे आम्हांस नवल वाटत नाही.

रंगभूमीवर त्यांनी जे काम केले ते हलक्याफुलक्या जातीचे नव्हते. जयवंत दळवी यांच्या 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरांसमोर उभे राहणे म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एक झुंज होती. शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे'मध्ये एकाच देहात दोन स्त्रिया वावरताना दाखविणे, एका वाक्याच्या मध्यावर स्वर बदलून दुसरी व्यक्ती होणे, हे त्यांना साधले होते. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण हीच विद्या पुढे विनोदात कामी आली. कोकी शेजाऱ्याशी गोड बोलता बोलता नवऱ्याकडे वळते आणि तिचा स्वर त्याच श्वासात करडा होतो, तेव्हा तेथे 'सविता दामोदर परांजपे'चीच साधना बोलत असते. फरक इतकाच की एकीकडे प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो आणि दुसरीकडे त्याला हसू फुटते.

आता चित्रपटाकडे वळू. 'कयामत से कयामत तक' १९८८ साली आला, तेव्हा रीमाबाईंची तिशीही उलटली नव्हती. त्या नायिका जुही चावला यांच्या आई झाल्या. दोघींच्या वयांत नऊ वर्षांचे अंतर. पुढल्याच वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खान यांच्या आई झाल्या. येथे अंतर साडेसात वर्षांचे. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये तर ज्याच्या आईची भूमिका त्यांनी केली तो नट, संजय दत्त, त्यांच्याहून केवळ तेरा महिन्यांनी लहान होता. ही वजाबाकी आम्ही कोणाची थट्टा करण्यासाठी मांडलेली नाही. नायक पन्नाशीतही नायक राहतो आणि नटी तिशीत आई होते, हा हिंदी चित्रव्यवसायाचा दंडक त्यातून उघडा पडतो, म्हणून मांडली आहे. फिल्मफेअरच्या साहाय्यक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव चार वेळा पुढे आले : 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'. चारही भूमिका आईच्या. पारितोषिक मात्र एकदाही मिळाले नाही.

या आईला काय करता येत असे? तिला प्रेम करता येई, देवापुढे हात जोडता येत, डोळ्यांत पाणी आणता येई. काय करता येत नसे, याची यादी अधिक बोलकी आहे. तिला राग आला तरी तो मुलाच्या भल्यासाठीच यावा लागे. तिला स्वतःचा हट्ट नसे, हेवा नसे, आपण अद्याप सुंदर दिसतो की नाही ही शंका नसे, शेजारणीच्या साडीकडे तिची नजर जात नसे. 'वास्तव'मधील आई ही याला सन्माननीय अपवाद होती. महेश मांजरेकरांनी तिच्या हाती शेवटी पिस्तूल दिले आणि मुलाचा अंत तिच्याकडूनच करविला. त्या प्रसंगी रीमाबाईंनी जे दाखविले ते पाहता त्यांच्यात किती सामर्थ्य दडलेले होते याची कल्पना येते. परंतु अपवाद तो अपवाद. एरवी आई म्हणजे तुळशीवृंदावन. अंगणाच्या मध्यभागी असावे, सर्वांनी त्याला वंदन करावे, आणि आपल्या कामाला निघून जावे.

आता १९९४ हे वर्ष पाहावे. त्या वर्षी 'हम आपके हैं कौन' प्रदर्शित झाला आणि रीमाबाई त्यात मंगल, समंजस, हसतमुख आई म्हणून कोट्यवधी लोकांनी पाहिल्या. त्याच वर्षी दूरदर्शनच्या दुसऱ्या वाहिनीवर 'तू तू मैं मैं' सुरू झाली, आणि त्याच सुमारास 'श्रीमान श्रीमती'ही लोकांच्या घरात येऊ लागली. म्हणजे चित्रपटगृहात ज्या स्त्रीला राग येत नव्हता, तीच स्त्री संध्याकाळी घरातल्या पडद्यावर कमरेला पदर खोचून उभी होती.

'श्रीमान श्रीमती'ची कल्पना साधी. अधिकारी बंधूंची ही निर्मिती. दिग्दर्शन राजन वाघधरे यांचे. शेजारी शेजारी दोन घरे. एका घरात केशव कुलकर्णी आणि त्यांची पत्नी कोकी. दुसऱ्यात चित्रपटतारका प्रेमा शालिनी आणि तिचा पती दिलरुबा. केशवला प्रेमाचा मोह, दिलरुबाला कोकीचा. जतीन कनकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग आणि रीमा लागू या चौघांवर सारा डोलारा उभा. या चौकोनात तिघांना हसविण्याची उघड साधने मिळालेली आहेत. केशवला लाळघोटेपणा आहे, दिलरुबाला भाबडेपणा, प्रेमाला नखरा. कोकीला यांतले काही नाही. तिच्या वाट्याला घर आहे, मुलगा आहे, स्वयंपाक आहे, आणि नवऱ्यावरचा संशय आहे. कागदावर पाहिले तर ही भूमिका इतरांच्या विनोदाला टेकू देणारी. सामान्य नटीने एक तर ती रडकी केली असती, नाही तर कर्कश.

रीमाबाईंनी तिला यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी कोकीला खरी केली. कोकीचा संशय खरा आहे, कारण नवरा खरोखरच शेजारणीच्या मागे आहे. तिचा राग खरा आहे. आणि ज्या गोष्टीकडे पाहणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते तीही खरी आहे : दिलरुबा तिच्या हातच्या पदार्थांची, तिच्या रूपाची वाखाणणी करतो तेव्हा कोकीला ते आवडते. ती पाय घसरू देणार नाही हे आपल्याला ठाऊक असते, तिलाही ठाऊक असते. पण क्षणभर तिचा चेहरा फुलतो, हात नकळत केसांकडे जातो, आणि लगेच ती आपणच आपल्याला आवरते. हे फुलणे आणि आवरणे यांच्यामध्ये जो निमिष असतो, तेथे रीमाबाईंचा विनोद राहतो. घरात वर्षानुवर्षे जिचे कोणी कौतुक केलेले नाही अशा गृहिणीचे सारे आयुष्य त्या निमिषात दिसून जाते. आपण हसतो, आणि हसता हसता आपल्याच घरातील कोणाची तरी आठवण होऊन किंचित ओशाळतो.

तंत्राच्या दृष्टीने पाहता त्यांचे विशेष तीन. पहिला, त्या थांबत असत. समोरच्याचे वाक्य संपल्यावर उत्तर देण्याची त्यांना घाई नसे. ऐकलेले आत उतरले हे चेहऱ्यावर आधी दिसे, शब्द नंतर येत. अशा मालिकांत ध्वनिमुद्रित हास्याची जोड असते, आणि पुष्कळ नट त्या हास्यासाठी वाट काढून देतात. रीमाबाई मात्र त्याच वेळात विचार करताना दिसत. दुसरा, त्यांचे हात रिकामे नसत. भाजी, कपडे, भांडी यांपैकी काही ना काही चाललेले असे, आणि भांडण त्या कामाच्या लयीत बसविलेले असे. तिसरा, त्यांनी वेडेविद्रे तोंड करून हसू मागितले नाही. पात्राची प्रतिष्ठा जराही खाली न आणता त्याला हास्यास्पद प्रसंगात उभे करणे ही विनोदी अभिनयातील अवघड गोष्ट आहे. जतीन कनकिया यांचा अभिनय याच्या अगदी उलट जातीचा होता, अंगविक्षेपांचा, आवाजाच्या कोलांट्यांचा. आणि तो तितका खुलला याचे अर्धे श्रेय समोरच्या या स्थिर बाईला द्यावयास हवे. भिंत पक्की असेल तरच चेंडू उसळून परत येतो.

येथे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा आहे. हिंदी चित्रपटात मराठी बाई पुष्कळदा यावयाची ती घरकाम करणारी म्हणून, लुगड्याचा काष्टा घालून, चार ओळी बोलून निघून जाण्यासाठी. 'श्रीमान श्रीमती'ने कुलकर्ण्यांचे घर हिंदी मालिकेच्या मध्यभागी आणून ठेवले आणि शेजारी खुराणा आडनावाचा पंजाबी बसविला. कुलकर्णी हे नाव बुंदेलखंडातल्या खेड्यापर्यंत पोहोचले ते या मालिकेमुळे. आमचे आडनाव कुलकर्णी नाही. तरी समथरच्या त्या गल्लीत आम्हांस तीन महिने त्याच नावाने हाक मारली जात होती, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही ती दुरुस्त केली नाही. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला लोक त्याच्या प्रांतातील कोणत्या माणसावरून ओळखतात, याला फार महत्त्व असते. आम्हांला लोकांनी कोकीच्या घरावरून ओळखावे, यात आम्हांस कमीपणा वाटला नाही.

'तू तू मैं मैं'ची देवकी ही वेगळी बाई. दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगावकर. सासऱ्याच्या भूमिकेत कुलदीप पवार. घर वर्मांचे, परंतु नटसंच मोठ्या प्रमाणात मराठी. सासूसुनेचे भांडण हा आपल्या ओव्यांपासून लोकनाट्यापर्यंत चालत आलेला विषय. त्यात नवे ते काय? नवे हे की येथे दोघी तुल्यबळ आहेत. ओवीतील सून सोसते, लोकनाट्यातील सासू छळते. देवकी आणि राधा मात्र एकमेकींना डाव टाकून चकवितात, आणि आजचा डाव कोण जिंकेल हे शेवटपर्यंत कळत नाही. सुप्रियाबाईंचा अभिनय चपळ, पाखरासारखा टिपणारा. रीमाबाईंचा सावकाश, मुरलेला. देवकीला हरायला आवडत नाही, पण प्रतिस्पर्धी घरात नसेल तर तिला करमतही नाही, हे रीमाबाईंनी भांडणाच्या उत्साहातूनच दाखविले. भांडण हेच या दोघींच्या जवळिकीचे रूप आहे, हे त्यांना कोठेही शब्दांत सांगावे लागले नाही.

या मालिकांचे दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. दोन्ही मालिका वर्षानुवर्षे चालल्या आणि त्यामुळे प्रसंगांची पुनरावृत्ती झाली. गैरसमजाची तीच किल्ली पुन्हापुन्हा फिरविली गेली. 'श्रीमान श्रीमती'त परस्त्रीच्या मागे लागणे ही गंमत म्हणून स्वीकारलेली आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला ते कित्येक ठिकाणी खटकेल. 'तू तू मैं मैं'विषयी तर अधिक गंभीर आक्षेप घेता येईल : ज्या देशात सासरी सुनांचे हाल झाल्याच्या बातम्या रोज येतात, तेथे सासूसुनेचे भांडण हसण्यावारी नेणे कितपत योग्य? या आक्षेपात तथ्य आहे. आमचे उत्तर एवढेच की दोघींना सारखे बळ दिल्यामुळे ही मालिका छळाची थट्टा करीत नाही. तिने कोणाला रडविले नाही आणि कोणाला देव्हाऱ्यातही बसविले नाही.

याची किंमत पुढे काय झाले ते पाहिल्यावर कळते. 'तू तू मैं मैं' नंतर ज्या स्टार प्लस वाहिनीवर गेली, त्याच वाहिनीवर जुलै २००० मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. सासूसुनेचा तोच विषय. पण आता दागिन्यांनी लवलेल्या स्त्रिया, कटकारस्थाने, ढोलताशांच्या गजरात तीन तीन वेळा वळणारे चेहरे. घरातील भांडण युद्ध झाले आणि हसू हद्दपार झाले. जतीन कनकिया १९९९ मध्येच गेले होते. रीमाबाईंना पुढेही काम मिळत राहिले, मराठीत 'तुझं माझं जमेना' ही मालिका त्यांनी केली. परंतु हिंदी छोट्या पडद्यावर कोकीदेवकीच्या तोलाची विनोदी भूमिका त्यांच्या वाट्याला पुन्हा आली नाही. मृत्यूसमयी त्या 'नामकरण' या मालिकेत काम करीत होत्या. तेथे त्या दयावंती मेहता होत्या : कठोर, कपटी, घरावर सत्ता गाजविणारी वृद्धा. ज्या कलावतीने सासूला हसते केले, तिला अखेरीस त्याच काळ्या साच्यात उभे राहावे लागले. तेही त्यांनी चोख केले. परंतु आम्हांला त्यात काळाचा एक कडवट विनोद दिसतो.

'श्रीमान श्रीमती'ची नवी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली, हे खरे. कथा तीच, पात्रे तीच. तरीही २०२० मध्ये समथरच्या ओसरीत अम्मांनी ज्या बाईकडे बोट दाखविले ती जुनीच होती. कथा पुन्हा लिहिता येते. थांबण्याचा तो निमिष पुन्हा लिहून काढता येत नाही.

आपल्याकडे विनोदी नटाला लोकप्रियता मिळते आणि गंभीर नटाला मान. त्यातही विनोदी नटी म्हटली की ती जाड, बोबडी किंवा नायिकेची फजीत होणारी मैत्रीण. शुभा खोटे यांच्यासारख्या गुणी अभिनेत्रीलाही मेहमूद यांच्याबरोबरच्या जोडीतूनच दीर्घकाळ ओळखले गेले. रीमाबाईंनी विनोदाचे केंद्र एका सर्वसामान्य, सावरलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या गृहिणीकडे आणले, आणि तिला हसण्याचा विषय न करता हसण्याचे कारण केले. त्यांच्या पारितोषिकांच्या नोंदीत हे कोठे सापडणार नाही. म्हणून ते लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटले.

अम्मा गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या सुनेने ओसरीतला जुना दूरदर्शन संच काढून टाकला नाही. परवा भाडे द्यावयास गेलो तेव्हा ती कांदा चिरीत चिरीत मुलाला रागे भरत होती, मध्येच आमच्याकडे वळून गोड आवाजात "बसा ना बाबूजी" म्हणाली, आणि त्याच श्वासात पुन्हा मुलावर ओरडली. आम्हांस हसू आले. तिने विचारले, काय झाले? आम्ही म्हटले, काही नाही. तुमच्या सासूबाई आठवल्या.